अठ्ठावीस की एकोणतीस

“हात कापतायत की गं तुझे,” बारगीर मॅडम म्हणाल्या. “एवढं काय? गॅसची बाटली आहे ती, नवरदेव नव्हे.”

मी हसले. हसले म्हणजे नुसते दात दाखवले. मॅडमना वाटलं, पोरगी आनंदानं थरथरतेय. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती हातभर लांबीची चकचकीत बाटली माझ्या हातात दिली. सकाळचे साडेआठ वाजले होते. दुपारी एक वाजता माझी पाच वर्षं मातीत जाणार होती, आणि त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. सांगलीजवळच्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. आम्ही तिथं काय करत होतो ते सांगते. अवघड वाटलं तरी गोष्ट साधी आहे. धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तो काचेच्या भांड्यातल्या पाण्यात सोडायचा. त्या पाण्यात तांबं बसवलेली चिमूटभर पूड घालायची आणि वरून झेनॉनच्या दिव्याचा झगझगीत उजेड सोडायचा. उजेडाच्या जोरावर ती पूड वायूतला एक ऑक्सिजन काढून घेते आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. विषारी खरा, पण कारखानदाराच्या लेखी तो कच्चा माल. त्यापासून मिथेनॉल होतं, इंधन होतं. पूड स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवणाऱ्या आत्यासारखी ती दोघांना एकत्र आणते आणि बाजूला होते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून फुकट उडून जाणारा वायू असा उन्हात कामाला लावायचा, हे मॅडमचं वीस वर्षांचं स्वप्न. आणि त्या स्वप्नातली सगळ्यात चांगली पूड माझी होती. कुमारी त्रिशला मगदूम हिची. मोनॉक्साइड ताशी किती निघाला त्याचा आमचा एक आकडा असायचा. माझ्या पुडीचा आकडा होता चौतीस. पेपरात फोटो आला होता माझा, गावात शाल-नारळ झालं होतं.

आता या बाटलीचं. साध्या कार्बनचं वजन बारा. बाटलीतल्या वायूतला कार्बन मुद्दाम जड, तेराचा. या वायूपासून मोनॉक्साइड बनला तर त्याचं वजन एकोणतीस भरणार; साध्या कार्बनपासून बनला तर अठ्ठावीस. यंत्राच्या पडद्यावर एकोणतीसवर रेघ उठली, तर माल खरोखर आम्ही दिलेल्या वायूतून आला. अठ्ठावीसवर उठली, तर कार्बन भलतीकडूनच कुठून तरी आला. म्हणजे आम्ही इतकी वर्षं लोकांना आणि स्वतःला उल्लू बनवत होतो. परदेशातल्या ज्या मासिकाकडे आमचा लेख गेला होता, त्यांनी बजावलं होतं, हे करून दाखवा, मगच छापू. बाटली यायला आठ महिने लागले. मॅडम ती कपाटात कुलूप लावून ठेवायच्या.

“लाग कामाला,” मॅडम म्हणाल्या. “पूड मोजून घे. मी भांडं बघते.”

मी हलले नाही.

कारण आदल्या दिवशी दुपारी मी एक साधी परीक्षा घेतली होती. मासिकवाल्यांनी तीही मागितली होती. कार्बन डायऑक्साइड द्यायचाच नाही, त्याऐवजी अर्गॉन भरायचा. अर्गॉन म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू, त्यात कार्बन नावाला नाही. तेव्हा रेघ सपाट यायला हवी. उपचार म्हणून केली ती परीक्षा, चहा पीत पीत. पडद्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. रेघ उठली होती. आकडा बत्तीस!

पुन्हा केलं. तेहेतीस.

मग उमगलं. मॅडमचा नियम होता की पूड तयार झाली की पाण्यानं धुवायची आणि तीन दिवस भट्टीत वाळवायची. तीन दिवस! इतका धीर आपल्याला कुठला? पहिल्याच वर्षी मी एक युक्ती काढली. शेवटचं धुणं ॲसिटोननं केलं की पूड संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. फुंकर मारली तरी उडून जातं. पण पुडीच्या बारीक छिद्रांमध्ये ते दडून बसत होतं, आणि दिवा लागला की माझी गुणी पूड त्या ॲसिटोनचेच तुकडे करून मोनॉक्साइड देत होती. युक्ती मी कुणाला सांगितली नव्हती. उलट सगळे म्हणायचे, त्रिशलाचा हात काय चालतो! मी गप्प बसून कौतुक करून घ्यायची.

इथंच थांबले असते तर बरं होतं. पण धीर सुटलेलं माणूस नको तिथं हात घालतं. शेजारच्या फळीवर निवासच्या पुडीची बाटली होती. त्याचंही तांबंच, फक्त बसवायची रीत वेगळी. त्याच्या पुडीवर मी अर्गॉन सोडला. रेघ सपाट. मग साधा कार्बन डायऑक्साइड सोडला. अकरा. त्याचा नेहमीचा आकडा.

म्हणजे माझे चौतीस खोटे होते, आणि ज्या अकरासाठी त्या पोराला तीन वर्षं बोलणी बसत होती, ते अकरा खरे होते.

हे कळलं मला आदल्या दिवशी दुपारी चारला. आणि मी काय केलं? कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि घरी गेले.

“मॅडम, आत येऊ का?”

निवासच होता. निवास हिप्परकर, जत तालुक्यातला, अंगानं काटकुळा, खांद्याला कायम एक जुनी पिशवी. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद होता. तो काय आहे हे मला आठवड्याभरापासून माहीत होतं. पीएच.डी. सोडत असल्याचा अर्ज. कुपवाडच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं होतं.

“तेवढी सही द्या की, मॅडम. ऑफिस तीनला बंद होतंय आज.”

“एक वाजू दे रे. हिचा निकाल बघून जा. तीन वर्षं एका खोलीत काढलीत ना?”

“बघतो की. तिचं कौतुक बघूनच जातो.” तो माझ्याकडे बघून हसला. “काय गं तिशे, रात्री झोप लागली का?”

“लागली,” मी म्हटलं.

मॅडमनी अर्ज घेतला, न वाचता टेबलावर ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्यात सुटल्याची भावनाही होती. मॅडम दुष्ट नव्हत्या. फार मायेच्या होत्या. माझ्यासाठी ईदचा शीरखुर्मा डब्यातून यायचा. पण काम न येणाऱ्यावर त्यांचा राग मोठा. “निवास, तुझी एक पूड होईपर्यंत त्रिशलाच्या तीन होतात. बघ जरा तिच्याकडे, शीक,” हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल. तो मान खाली घालून “हो मॅडम” म्हणायचा, आणि पुन्हा पाण्यानं धुवून तीन दिवस भट्टीसमोर राखण करत बसायचा.

पूड मोजायची खोली वेगळी होती, आतल्या बाजूला, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. वाऱ्यानं काटा हलतो म्हणून दार लावून घ्यायचं. मी आत गेले, दार लावलं, आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. छाती अशी धडधडत होती की काट्यावरचा आकडा तिच्यामुळंच हलतोय असं वाटलं.

सांगून टाकावं का? आत्ताच्या आत्ता? मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग तो पेपरातला फोटो, मग पप्पा, मग शाल घालणारे सरपंच. लोक काय म्हणतील, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी ते माझ्याच पोटातून वर आलं.

काट्याशेजारी ट्रेमध्ये दोन छोट्या बाटल्या होत्या. लाल झाकणाची माझी. निळ्या झाकणाची निवासची, कालपासून तिथंच राहिलेली. रंग दोन्हीचा सारखाच, राखाडीवर हिरवट झाक.

मी फार विचारबिचार केला असं म्हणून मी आज स्वतःला मोठं करणार नाही. मी भ्याले होते. मला फक्त एक वाजता पडद्यावर एकोणतीस दिसायला हवं होतं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. मी निळं झाकण उघडलं. पन्नास मिलिग्रॅम मोजलं. वही उघडली आणि लिहिलं, “नमुना: त्रिशला.” अक्षर नेहमीसारखंच आलं, याचीच मला जास्त भीती वाटली.

बाहेर आले तेव्हा मॅडम प्राचार्यांशी फोनवर बोलत होत्या. मी पूड भांड्यात टाकली. पाणी गढूळ झालं. रबरी बूच बसवलं, आतली हवा काढली, बाटलीची चावी अलगद फिरवली. जड कार्बनचे बुडबुडे वर येऊ लागले. मॅडमनी फोनवर बोलता बोलता मला अंगठा दाखवला.

दिवा लागला. काळा पडदा ओढला. एरवी अर्ध्या तासाच्या उजेडात भागायचं, पण मासिकवाल्यांनी या परीक्षेला पूर्ण चार तास सांगितले होते. आता चार तास थांबायचं.

ते चार तास मी कसे काढले ते मलाच माहीत. दिव्याचा पंखा घरघरत होता. मी वही उघडून बसले, एकच ओळ वाचत. निवास आपली फळी रिकामी करत होता. काचेची भांडी त्यानं धुवून पालथी घातली, माझीही दोन होती त्यात, तीही धुतली.

“राहू दे रे माझी,” मी म्हटलं.

“असू दे गं. जाता जाता तेवढंच.” तो कापडानं फळी पुसत होता. “खरं सांगू का तिशे? मला तुझा राग यायचा आधी. म्हणलं, ही बया चारला घरी जाती आणि चौतीस काढती. मी रात्रंदिवस बसतोय आणि अकरा. मग राग गेला. म्हणलं, असतं एकेकाच्या हाताला यश.”

मी वहीचं पान उलटलं.

तेवढ्यात तो आतल्या खोलीतून निळ्या झाकणाची बाटली घेऊन आला. उजेडासमोर धरली. आज पन्नास मिलिग्रॅम, काल पन्नासाची दोन मापं. त्याला कळणार. त्याला एकेका कणाचा हिशोब पाठ असायचा.

“संपली की जवळजवळ,” तो पुटपुटला. पण मनानं तो त्या खोलीतून आधीच गेलेला होता. त्यानं झाकण काढलं आणि बाटली टाकाऊ पुडींच्या डब्यावर धरली.

“टाकू नकोस!”

मी किंचाळलेच. मॅडमनी टेबलावरून मान वर केली.

“का गं?” निवास चकित होऊन म्हणाला. “तुझ्या पुडीपुढं ही म्हणजे चुलीतली राख. काय करायची ठेवून?”

“असू दे की. म्हणजे... आठवण म्हणून.”

तो मोठ्यानं हसला. “घे बाई, घे. आठवणीला राख घे.” त्यानं झाकण लावलं आणि बाटली माझ्या वहीवर ठेवली.

मी तिला हात लावला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. पण ती तिथं आहे हे मला पाठीलासुद्धा कळत होतं.

एक वाजला.

“चला,” मॅडम उठल्या. पदर खोचला. त्यांची ती जुनी सवय, मोठं काही असलं की पदर खोचायच्या. मी सुई बुचात खुपसली, भांड्यातला वायू सिरिंजमध्ये ओढून घेतला. यंत्रात टोचताना मॅडमनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्याही घाबरल्या आहेत. वीस वर्षं त्यांचीही होती.

तिघं पडद्यासमोर उभे. पहिली दोन मिनिटं काही नाही. तिसरं मिनिट लागलं. अठ्ठावीसची रेघ जमिनीला धरून सरळ चालली होती. एकोणतीसची हलली, थरथरली आणि उठली. सावकाश, गोल पाठीची, स्वच्छ रेघ.

“या अल्लाह,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्याच. डोळ्यांना पदर लावला. “आलं रे. आलं!”

मला काय वाटलं? सुटका. खोटं कशाला बोलू? एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मला इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं.

“आकडा कमी दिसतोय,” मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. “चौतीस नाही आला.”

“नवी... नवी खेप आहे, मॅडम,” मी म्हटलं. किती सहज निघालं ते तोंडातून!

“असू दे, असू दे. आज आकड्याचं कुणाला पडलंय? एकोणतीस आलं, बस.”

निवास पडद्याजवळ वाकला होता. आकडा वाचून त्यानं टाळी वाजवली.

“अगं तिशे, अकरा! तुझीपण अकरावरच आली की! माझ्या पंगतीला बसलीस शेवटी.” तो मनापासून खूष झाला होता. थट्टा करत होता, माझी पाठ थोपटत होता. त्याच्या मनात संशयाचा लवलेश नव्हता. त्याला कळलं असतं, त्यानं माझी मानगूट धरली असती, तर बरं झालं असतं.

“आण रे तुझा कागद,” मॅडम म्हणाल्या. आनंदात माणूस सगळंच उरकून टाकतो. “आज चांगला दिवस आहे. रागानं नको जाऊस, बाळ. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. त्यात कमीपणा नाही.”

“नाही मॅडम. राग कसला? तुम्ही सांगत होता, मलाच येत नव्हतं.”

त्यानं अर्ज पुढं सरकवला. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. कुठं सही करायची ते बोटानं शोधू लागल्या.

आता इथून पुढचं मी अनेकदा आठवून पाहिलंय. माझ्यात एकदम धैर्य आलं, असं काही झालं नाही. भीती कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. फक्त आतापर्यंत मला मॅडमची भीती वाटत होती, गावाची वाटत होती, पप्पांची वाटत होती. त्या क्षणी पेनचं टोक कागदाला टेकलं आणि मला माझीच भीती वाटली. ही बाई, जी आत्ता “नवी खेप आहे” म्हणाली, हिच्याबरोबर मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे!

“सही करू नका, मॅडम.”

“अं?”

“ती पूड माझी नाही. निवासची आहे.”

मॅडमनी पेन कागदावरून उचललं.

“परत सांग,” मॅडम म्हणाल्या.

मी सांगितलं. बोबडी वळत होती, वाक्यं मागंपुढं होत होती, पण सांगितलं. अर्गॉन, बत्तीस, तेहेतीस, निवासची सपाट रेघ. पर्समधले कागद काढून टेबलावर ठेवले.

“ॲसिटोन कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

“आणि हे कळलं कधी?”

“काल दुपारी.”

“काल दुपारी,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होते, अंग आवळून. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग निवासकडे वळल्या, “बाळ, मी तुला...” असं म्हणाल्या. चष्मा काढून त्या हातातच धरून बसल्या.

निवास माझ्याकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.

“म्हणजे अकरा खरे होते?” त्यानं विचारलं.

“हो.”

“तिन्ही वर्षं?”

“हो.”

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. तो टेबलाजवळ आला, आपला अर्ज उचलला, घडी केली, खिशात ठेवला. माझ्या वहीवरची निळ्या झाकणाची बाटली उचलली आणि तीही खिशात टाकली. आणि बाहेर गेला. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही, आणि पुढंही कामापुरतंच बोलला. त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उरलेला जड वायू माझ्या पुडीवर सोडला. अठ्ठावीस. त्यांनी मासिकाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, लेख मागं घेतला, आणि दोष पहिला स्वतःकडे घेतला. मला पदवी मिळाली, पण चार वर्षं उशिरा, पाण्यानं धुतलेल्या पुडीवर, आकडा नऊ. गावात कुणी शाल घातली नाही. निवासची पुढं दोन वर्षांत झाली. आज त्याच्या पुडीवर चालणाऱ्या नळ्या एका डिस्टिलरीच्या गच्चीवर बसवल्यात म्हणे. मी बघायला गेलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. निवास बाहेर गेला तशी मी त्याच्यामागं गेले. माफी मागायला, पाय धरायला, काय ते मलाच ठाऊक नव्हतं. दारापर्यंत गेले आणि थांबले.

तो व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. आमच्याकडे रेंजची बोंब, म्हणून अर्धा खिडकीबाहेर वाकून फोनवर बोलत होता, मोठ्यांदा. आमच्यासमोर तो इतका जपून बोलायचा; घरच्या माणसाशी बोलताना त्याची सगळी भाषा गावाकडं गेली होती.

“अण्णा, ऐकू येतंय का? निवास बोलतोय... न्हाई, न्हाई, काय झालं न्हाई. बरा हाय मी... अण्णा, काल म्या म्हनलो न्हवं का, माझ्यात डोकंच न्हाई म्हनून? तुमी पोराला उगं शिकिवलं म्हनून?”

तो थांबला. मनगटानं नाक पुसलं.

“ते खोटं हुतं, अण्णा... आवो, ऐका की. खोटं हुतं ते.”

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. रेंज गेली असावी, कारण तो आणखी बाहेर वाकला आणि ओरडून ओरडून तेच सांगू लागला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि बाहेर पाऊल टाकायची माझी हिंमत होत नव्हती.

“डोकं हाय, अण्णा! हाय माझ्यात!”